उकिरडा फोडला तर आत गुळी जशीच्या तशी: कंपोस्ट कुठे अडतं आणि ते कसं सोडवायचं

मे महिन्याच्या शेवटी ट्रॉली लावून उकिरडा फोडायला घ्यावा आणि फूटभर खाली सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरलेलं काड, पिवळीधमक, कोरडीठाक निघावी. त्याखाली शेणाच्या वाळून गोवऱ्या झालेल्या, आणि तळाला काळा, वास मारणारा चिखल. परभणीपासून धाराशिवपर्यंत दर वर्षी हेच चित्र दिसतं. वर्षभर टाकलेलं सगळं तिथेच असतं, पण खत झालेलं नसतं. पेरणी तोंडावर आलेली असते म्हणून तेच कच्चं शेतात जातं. मग जुलैत पीक पिवळं पडलं, मुळं खाणारी हुमणी अळी लागली, तण दुप्पट झालं, की त्यावर वेगळा खर्च.

पुढच्या वर्षी कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, बाटली आणून ओतली जाते. तिने फारसा फरक पडत नाही, कारण जिवाणू कमी पडलेले नसतातच. शेणाच्या एका पाटीत ते अमाप असतात. त्यांना पाणी मिळत नसतं, किंवा हवा मिळत नसते, किंवा नत्र कमी पडत असतं. या तिन्हींतलं नेमकं काय अडलंय ते आधी ओळखायचं आणि मग ढिगाला हात लावायचा.

आधी तपासा: पहार, मूठ आणि नाक

लोखंडी पहार ढिगाच्या मधोमध दोन-अडीच फूट खोल खुपसा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. उपसल्यावर टोकाकडच्या भागाला आधी हाताची मागची बाजू लावून पाहा, मग मुठीत धरा. दोन-तीन सेकंदांच्या वर धरवली नाही तर आत ५५ अंशांच्या आसपास किंवा जास्त उष्णता आहे, ढीग कामाला लागलेला आहे, त्याला छेडू नका. कोमट लागली तर काम मंदावलंय. भरून आठ दिवस झाले आणि पहार थंडच निघाली, तर काम सुरूच झालेलं नाही. पहारीच्या टोकाला काय चिकटून आलंय तेही बघा. कोरडी धूळ असेल तर पाण्याचा प्रश्न आहे, काळा लिबलिबीत थर आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर हवेचा.

मग मूठ. वरचा वीतभर थर बाजूला सारून आतला माल घ्या आणि पूर्ण ताकदीने दाबा. बोटांच्या फटींत एक-दोन थेंब डोकावले, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर ओल ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आहे. हीच हवी. मूठ उघडताच माल सुटून विखुरला तर ओल ४० टक्क्यांच्याही खाली गेलेली आहे. धार लागली तर जास्त आहे. ही तपासणी ढिगाच्या तीन-चार ठिकाणी करा. गावातल्या बहुतेक ढिगांत वरचा भाग कोरडा आणि तळ चिंब असतो, म्हणजे एकाच ढिगात दोन वेगवेगळे आजार असतात.

हात घालताना बूट आणि जाड हातमोजे घाला. कोरड्या उकिरड्यात विंचू असतात, सापही असतो.

रोज एक पाटी टाकलेला उकिरडा तापतच नाही

हे मूळ कारण आहे आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. जिवाणू खातात तेव्हा उष्णता निघते. ती आत टिकायला ढिगाला आकार लागतो, किमान तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. रोजची पाटी उकिरड्यावर पडते, पसरते, दुपारच्या उन्हात वाळते. तिची उष्णता त्याच रात्री उडून जाते. अशा ३०० पाट्यांचा डोंगर झाला तरी तो ३०० वेळा गार झालेला डोंगर असतो.

उपाय असा की माल वेगवेगळा साठवायचा आणि ढीग एका-दोन दिवसांत भरून मोकळं व्हायचं. गुळी, पाचट, धसकटं एका बाजूला कोरडी रचून ठेवा. शेण गोठ्याच्या सावलीला, खाली गुळीचा हातभर थर घालून, गोळा करा. एक मोठं जनावर दिवसाला साधारण १० ते १५ किलो शेण देतं. दोन जनावरांचं २० दिवसांचं शेण म्हणजे जवळपास अर्धा टन झालं, आणि एक टन सुक्या गुळीला तेवढं पुरतं.

नाडेपच्या टाक्या फसतात त्या याच कारणाने. पुसदचे नाडेप काका, म्हणजे पांढरीपांडे, यांच्या पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच जाळीदार टाकीत १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, साधारण १,७५० किलो चाळलेली माती आणि काडीकचऱ्याच्या दीड पटीपर्यंत पाणी, हे सगळं एक-दोन दिवसांत भरायचं असतं. प्रत्यक्षात टाकी बांधली जाते आणि मग तिचा रोजच्या कचऱ्याचा हौद होतो. काही ठिकाणी गिलावा करताना विटांमधली भोकंही बुजवलेली असतात. ती भोकं हवेसाठीच ठेवलेली आहेत.

पाणी: आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडसर

गुळीला पाणी किती लागतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, म्हणून हिशेबच मांडू. एक टन सुक्या गुळीत साधारण १०० लिटर पाणी मूळचंच असतं आणि ९०० किलो कोरडा माल. ओल ५५ टक्क्यांवर न्यायची तर एकूण वजन २,००० किलो व्हायला हवं. म्हणजे वरून १,००० लिटर, २०० लिटरचे पाच ड्रम. अर्धा टन ताजं शेण मिसळलं तर त्यात जवळपास ४०० लिटर पाणी असतंच, मग वरून सातशे-साडेसातशे लिटर पुरतं. हे झालं भरतानाचं. प्रत्येक पलटीला आणखी दोनशे-तीनशे लिटर लागतं. पाइप धरून पाच मिनिटं शिंपडलं आणि वरचा थर काळा दिसला म्हणून ढीग भिजला असं समजू नका. गुळीच्या काडीवर मेणासारखा थर असतो, पाणी घरंगळून तळाला जातं आणि मधलं कोरडं राहतं. वर कोरडं आणि खाली चिखल, याचं कारण हेच.

म्हणून गुळी आदल्या दिवशी भिजवा. जमिनीवर फूटभर जाडीने पसरून पाणी शिंपडा, पायाने तुडवा, दोन तासांनी पुन्हा शिंपडा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी काडी वाकवून पाहा. मटकन मोडली तर अजून पाणी हवं, दुमडली आणि तुटली नाही तर भरायला घ्या. पाणी नुसतं न टाकता त्यात शेण कालवून शेणकाला करून टाकलं तर ते काडीला चिकटून राहतं. गोठा धुतलेलं पाणी आणि गोमूत्र याच कामाला लावा.

मुख्य प्रश्न पाणी आणायचं कुठून हा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. अशा उन्हाळ्यात ढिगावर हजार लिटर ओता असं सांगणं चुकीचंच ठरेल. त्यामुळे वेळच बदलायला हवी. मराठवाड्यात कंपोस्ट भरायचे दिवस दोन. पहिले सोयाबीनच्या मळणीनंतरचे, ऑक्टोबर-नोव्हेंबर. विहिरीला पाणी असतं, गुळी ताजी असते, ऊन कमी असतं. तेव्हा भरलेला ढीग नीट सांभाळला तर तीन-चार महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, तयार होतो आणि उन्हाळ्यात त्याला पाणी मागावं लागत नाही. दुसरे मृगाचा पाऊस पडून गेल्यावरचे, जून-जुलै, तेव्हा हिरवं तणही भरपूर मिळतं. फेब्रुवारी ते मे हा नवा ढीग लावायचा काळच नव्हे. त्या काळात आपल्याकडे फक्त माल साठवायचा.

आधीच कोरडा पडलेला ढीग फोडताना आत पांढरा, राखेसारखा थर सापडतो. त्याला बुरशी लागली म्हणून माल फेकून दिला जातो. तो कचरा बिघडलेला नसतो. उष्णता चढली, त्याच उष्णतेने पाणी उडालं आणि कोरड्या गरम भागात वाढणारे सूक्ष्मजीव उरले, असा त्याचा अर्थ. तोंडाला रुमाल बांधून ढीग पलटा, कारण ती धूळ छातीला त्रास देते. थराथराला पाणी मारा. चार-पाच दिवसांत पहार पुन्हा तापते.

ओल टिकवायला ढिगावर वीतभर पाचट किंवा भिजवलेली गोणपाटं घाला आणि शेणमातीने पातळ सारवा. दोन्ही टोकांना आणि वर दोन-तीन ठिकाणी हवेला जागा सोडा. जागा गोठ्याच्या भिंतीच्या उत्तरेला निवडा, तिथे ऊन कमी लागतं.

खड्डा की ढीग

काळ्या जमिनीतला खड्डा ऑगस्टमध्ये विहिरीसारखा भरतो. चिकणमातीतून पाणी झिरपत नाही, खत आठ-आठ दिवस पाण्यात बुडून राहतं. दुसरीकडे मुरमाड माळावर उघडा ढीग वाऱ्याने चार दिवसांत वाळतो. त्यामुळे एकच सल्ला सगळ्यांना लागू नाही. भारी जमीन असेल तर जमिनीच्या वर ढीग लावा, शक्यतो थोड्या उंचवट्यावर, भोवती वीतभर खोल चर काढा आणि माथा कासवाच्या पाठीसारखा गोल करा म्हणजे पाऊस घरंगळेल. मोठ्या पावसाच्या दिवसांत ताडपत्री घाला, ऊन पडलं की काढा. हलकी, निचऱ्याची जमीन असेल तर दीड-दोन फूट खोल खड्डा चालतो, आणि हिवाळ्यात भरलेल्या ढिगाला तो बराही पडतो.

ढिगाखालून काळं पाणी वाहताना दिसलं तर तो खताचा अर्क चाललाय. चराच्या टोकाला बादली पुरून ते धरा आणि ढिगावरच परत ओता.

वास मारतोय: कोणता वास, त्यावर उपाय

दोन वास आहेत आणि त्यांचे उपाय वेगवेगळे. डोळ्यांत पाणी आणणारा, मुतारीसारखा झणझणीत वास म्हणजे अमोनिया. नत्र जास्त झालंय आणि ते हवेत उडतंय. कोंबडखत किंवा लेंडीखत जास्त पडलं की असं होतं. भिजवलेली गुळी, पाचट किंवा वाळलेला पाला मिसळून पलटी द्या, एक पाटी लेंडीला तीन-चार पाट्या असा माल. टनामागे १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं तर अमोनिया बराच धरला जातो. चुना किंवा चुलीची राख मात्र ताज्या ढिगात टाकू नका. वास मारायला ती टाकण्याची पद्धत आहे, पण त्याने सामू (पीएच) वाढतो आणि उरलेलं नत्रही अमोनिया होऊन उडून जातं.

दुसरा वास सडक्या अंड्याचा, गटारासारखा. याचा अर्थ आत हवा संपली आहे. ढीग फोडून एक दिवस पसरा, पाणी निथळू द्या, मग तळाला तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्या) किंवा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्या) वीतभर थर आडवा-उभा रचून त्यावर पुन्हा ढीग लावा. भरताना दर तीन-चार फुटांवर तुराट्यांची एक पेंढी उभी धरा आणि ढीग पूर्ण झाल्यावर उपसून घ्या, हवेला नळ्या तयार होतात. ढिगाची उंची साडेचार-पाच फुटांच्या वर नेऊ नका. वजनाने तळ दाबला जातो आणि हवा कोंडते.

हा वास शेजाऱ्यांच्या तक्रारीपुरताच नाही. हवा नसलेल्या ढिगातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ ते ३० पट तापमान वाढवतो. ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात सापडलेल्या, नत्र जास्त असलेल्या ढिगातून नायट्रस ऑक्साइड निघतो, त्याची ताकद जवळपास २७३ पट. कंपोस्ट हवामानासाठी चांगलं, हे वाक्य हवा खेळणाऱ्या ढिगाबद्दल खरं आहे. पाण्यात बुडालेल्या उकिरड्याबद्दल ते खरं नाही. ज्या पलटीने खत लवकर होतं त्याच पलटीने मिथेनही कमी होतो, त्यामुळे शेतकऱ्याला यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

ओल बरोबर, हवा बरोबर, तरी पहार थंड

मग नत्र कमी आहे. जिवाणूंना कर्बाचे ३० भाग खायला नत्राचा एक भाग लागतो. शेणात हे गुणोत्तर २०-२५ च्या आसपास असतं, लेंडीत त्याहून कमी. सोयाबीनच्या गुळीत साधारण ५० च्या पुढे, ज्वारीच्या सरमाडात ६० ते ८०, उसाच्या पाचटात शंभराच्या जवळ. नुसत्या पाचटाचा ढीग वर्षभर तसाच राहतो तो यामुळे.

पाचटासाठी आपल्याकडची रूढ शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी आहे. गुळीलाही हेच प्रमाण चालतं. ८ किलो युरियात ३.७ किलो नत्र असतं. युरिया कोरडा फेकू नका, शेणकाल्यात विरघळवून थराथरावर द्या. वीतभर जाडीची भिजवलेली गुळी, त्यावर शेणकाला, त्यावर शेतातल्या मातीची एखादी पाटी भुरभुरून, मग पुढचा थर. एक टन गुळीचा ढीग साधारण ५ फूट रुंद, ४ फूट उंच आणि १० फूट लांब होतो.

युरिया वापरायचा नसेल तर दोनशे किलो लेंडीतून ३ ते ४ किलो नत्र मिळतं. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, फुलायच्या आधी उपटलेलं गाजर गवत, गोबर गॅसची स्लरी, हे सगळं चालतं. घरोघर बैल होते तेव्हा शेण कमी पडत नव्हतं. आता ट्रॅक्टर आला आणि दावणीला एकच म्हैस उरली, तिथे गिरिपुष्प बांधावर लावणं हाच पुढच्या पाच वर्षांचा उपाय आहे.

कल्चरचं काम इथे येतं, पाणी-हवा-नत्र जमल्यावर. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचं वेस्ट डीकंपोजर हे कल्चर वापरणार असाल तर २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ आणि एक बाटली, रोज दोनदा काठीने ढवळायचं, पाच ते सात दिवसांत तयार होतं. ते साध्या पाण्याच्या जागी थरांवर वापरा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी सूक्ष्मजीवांचं मिश्रण) किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मात्र गरम ढिगात टाकू नका, ६० अंशांत ते मरतं. खत थंड झाल्यावर, शेतात न्यायच्या आठ-दहा दिवस आधी, सावलीत मिसळा आणि ओल राखा.

पऱ्हाट्या आणि तुराट्या

अख्ख्या पऱ्हाट्या कंपोस्टमध्ये टाकून त्या सहा महिन्यांत कुजतील ही अपेक्षाच चूक आहे. त्या लाकूड आहेत. श्रेडर किंवा कुट्टी यंत्रातून बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा, दोन-तीन दिवस भिजवा आणि एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा. बाकी गुळी, हिरवं तण, शेण. तरी पाच-सहा महिने लागतात. चाळल्यावर जाड तुकडे उरले तर ते पुढच्या ढिगात टाका, नव्या मालाला विरजण लागतं.

हे करायला यंत्राचं भाडं आणि माणसं लागतात, आणि काडी लावायला एक काडेपेटी. म्हणून फेब्रुवारीत बांधाबांधांवर धूर दिसतो. जाळल्याने कर्ब तर सगळा जातोच, नत्राचाही बहुतांश भाग हवेत जातो, जमिनीला पोटॅश असलेली मूठभर राख उरते आणि तीही पहिल्या वाऱ्याने उडते. शेंदरी बोंडअळीसाठी पऱ्हाट्या जाळाव्या लागतात असं कारण दिलं जातं. अळीचं म्हणणं खरं आहे, वाळलेल्या बोंडांत ती दडून राहते आणि पऱ्हाट्यांचे बिंडे जूनपर्यंत बांधावर ठेवणं धोक्याचंच आहे. पण लगेच कुट्टी करून ढीग ५५ अंशांवर तापवला तरी अळी मरते. अट एकच, बाहेरचा गार थर पलटीत आत गेला पाहिजे. फेब्रुवारीत पाणी नसेल तर निदान कुट्टी तरी तेव्हाच उरका.

पलटी

पहिली १२ ते १५ दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दीड-पावणेदोन महिन्यांनी. बाहेरचं आत, तळाचं वर. पहार ६५ अंशांच्या पुढे गेल्यासारखी, हात लावताच चटका देणारी वाटली तर दिवस न मोजता पलटा, कारण त्या उष्णतेत काम करणारे जिवाणूही मरू लागतात. एवढ्या पलट्यांना मजूर परवडत नसतील तर निदान पहिली चुकवू नका.

तण आणि हुमणी

खतातून तण येतं ते बी मेलेलं नसतं म्हणून. ५५ ते ६५ अंशांत सलग काही दिवस राहिलेल्या भागातलं बी मरतं, कडेचं मरत नाही. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीचे कोंब यांच्यावर विश्वास ठेवू नका. ते आधी उन्हात कडक वाळवा, मगच ढिगात.

खतात पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की सगळ्यांनाच हुमणी म्हटलं जातं. सपाट जागेवर अळी सोडून दोन मिनिटं पाहा. पाठीवर पडून, पाय वर करून सरळ सरकत गेली तर ती कुजका पाला खाणाऱ्या भुंग्याची अळी आहे, पिकाच्या मुळांना तिच्यापासून धोका नाही. इंग्रजी सी अक्षरासारखी कुशीवर पडून राहिली किंवा पायांनी सरपटली तर हुमणीचा संशय धरा. अशा अळ्या वेचून काढा, आणि कुजलेल्या थंड खतात मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी मिसळून, एकरी ४ किलो या प्रमाणात, पहिल्या पावसानंतर ओल असताना जमिनीत द्या. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या दिवसांत कच्चं शेणखत शेतात उघडं पसरलेलं असेल तर अंडी घालायला त्यांना तयार जागा मिळते. उधई, म्हणजे वाळवी, ही वेगळी तक्रार. ती कोरड्या ढिगात येते, ओल्या आणि गरम ढिगात टिकत नाही. औषध शोधण्याआधी पाणी मारा.

खत तयार झालं का

रंग काळा झाला म्हणजे खत झालं असं नाही, ओला चिखलही काळा असतो. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा, तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार. आंबट किंवा अमोनियाचा भपका आला तर आणखी तीन-चार आठवडे हवेत. दुसरी खात्री मेथीच्या बियांनी करा. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत, प्रत्येकीत २० बिया. खताच्या कुंडीत उगवण कमी किंवा रोपांची टोकं करपलेली दिसली तर ते खत पेरणीच्या ओळीत चालणार नाही. विकतचं कंपोस्ट घेताना पिशवीवर कर्ब-नत्र गुणोत्तर पाहा. खत नियंत्रण आदेशानुसार ते २० पेक्षा कमी हवं.

कच्चं खत पडून गेलंय, आता पीक पिवळं

जमिनीतले जिवाणू ती गुळी कुजवायला पिकाच्या वाट्याचं नत्र उचलतात. ते नंतर परत मिळतं, पण तोवर पिकाचा महिना गेलेला असतो. आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहा. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असतील तर नत्राची कमतरता. कपाशीला युरियाचा हप्ता लवकर द्या, किंवा २ टक्के युरिया फवारा, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनला, तर ती लोहाची कमतरता. तिथे युरियाने काही होणार नाही, लोहाची फवारणी लागते.

शेतात टाकताना जे वाया जातं

चार महिने सांभाळलेलं खत मेमध्ये शेतात नेऊन छोटे-छोटे ढीग घालून १५-२० दिवस उन्हात ठेवलं जातं. पाऊस आला की पसरू, असं म्हणून. तोवर ओल जाते, उरलेला अमोनिया जातो, सूक्ष्मजीव मरतात. खत शेवटच्या वखरणीच्या दिवशीच न्या, पसरा आणि त्याच दिवशी मातीआड करा. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीला एकरी २ टन, बागायतीला ४ ते ५ टन. तेवढं नसेल तर सगळ्या रानाला चिमूट-चिमूट देण्यापेक्षा एक एकर नीट भागवा आणि दर वर्षी तुकडा बदला.

किती दिवसांत फरक दिसेल याबद्दल खोटी आशा नको. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली आला तर तो कमी समजतात आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच रानांचा आकडा तिथेच किंवा त्याखाली असतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटर थर साधारण २० लाख किलो भरतो. त्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे २ टन कर्ब टिकून राहिला पाहिजे, सव्वासात टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेऐवजी जमिनीत. हेक्टरी ५ टन कंपोस्टमधून, त्यातली ओल वजा केली तर, अंदाजे अर्धा टन कर्ब जातो, आणि आपल्या उन्हात त्यातला बराच भाग पुढच्या काही वर्षांत जिवाणू खाऊन टाकतात. त्यामुळे कर्बाचा आकडा हलायला सलग कित्येक वर्षं लागतात, आणि मध्ये एकदा पाचट पेटवलं की त्या वर्षीची भर जाते.

मात्र आकडा हलायच्या आधी जमीन बदललेली कळते. खत दिलेल्या आणि न दिलेल्या तुकड्यातलं एकेक सुकं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. एक पाच मिनिटांत विरघळून पाणी गढूळ करेल. दुसऱ्याचे कण धरून राहतील आणि पाणी बरंचसं नितळ राहील. ज्या रानाचं ढेकूळ धरून राहतं तिथे जोराच्या पावसात वरची माती चोपून बसत नाही, पाणी मुरतं आणि ऑगस्टमधल्या उघडिपीत पीक चार-सहा दिवस जास्त तग धरतं. ग्लासातली ही तपासणी दर वर्षी उन्हाळ्यात, त्याच दोन जागांवरची ढेकळं घेऊन करा आणि माती परीक्षणाच्या कागदासोबत तारीख टाकून नोंदवून ठेवा.